सहा खोकी, एक खुर्ची आणि हलवायचं काहीच नाही

मी, थेटराच्या भिंतीला लागून जिचं इस्त्रीचं दुकान होतं ती, वय शहात्तर, शिक्षण चौथी (चौथीत मी तीन वर्षं होते, तेव्हा तसं पाहिलं तर सहावी धरायला हरकत नाही), हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. डोकं जागेवर आहे. गुडघे जागेवर नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असं वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. उलट माझाच सगळ्यांवर आहे, आणि तो मी गेल्यावरही राहावा म्हणून हा कागद. मी अतिशय आनंदात आहे. वकीलबाई म्हणाल्या, आजी, मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत. मी म्हटलं, लिहीत नसतील, कारण त्यांच्याकडे ढोल्या नसेल.

वाचून दाखवणाऱ्याला सूचना: कलम सहा यायच्या आधी आमच्या जावयांना चहाचं सामान आणायला लांबच्या दुकानात पाठवावं. जवळच्या नव्हे. ते परत आल्यावर कलम सात सुरू करावं.

कलम १. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गळका नळ. आमचे हे आहेत तोवर घर ह्यांचं. त्यानंतर मुलगी आणि मुलगा यांचं निम्मं निम्मं. नळ दोघांचा.

कलम २. बँकेत जे असेल तेही निम्मं निम्मं. आकडा बघून कुणाला हर्षवायू होणार नाही, त्यामुळे डॉक्टर बोलवायची गरज नाही. दुकानातली जुनी लोखंडी इस्त्री मुलीला. ती लहानपणी तिला घाबरायची. आता तिचे गुडघेही माझ्यासारखेच व्हायला लागलेत, तेव्हा इस्त्रीशी ओळख करून घ्यायला हरकत नाही.

कलम ३. आता खरी इस्टेट. पण ती कशी झाली हे सांगितल्याशिवाय तिची किंमत कळणार नाही, म्हणून जरा मागून येते. घाई असलेल्यांनी उठून जावं, त्यांचा वाटा खिडकीत ठेवला जाईल.

माझं दुकान आणि थेटर यांच्यात एकच भिंत होती. बावीस वर्षं मी त्या भिंतीला पाठ लावून लोकांचे शर्ट सरळ केले. रोज चार खेळ. भिंतीतून शब्द यायचे नाहीत, फक्त धब्ब यायचे. घोडे आले, धब्ब धब्ब धब्ब. इमारत पडली, धब्ब्ब. नायिका रडली की काहीच नाही, तेव्हा मी कॉलर करून घ्यायची. एक सिनेमा महिनाभर चालला तर मला त्याचे सगळे धब्ब पाठ. कोण कुणाला काय म्हणालं ते मीच मनात रचायची. कित्येक सिनेमांत मी खलनायकाला चांगला माणूस समजत होते, कारण त्याच्या वेळी धब्ब फार दमदार यायचे.

मग थेटर बंद पडलं. भिंत गप्प झाली आणि माझी इस्त्री वाकडी चालायला लागली. एका माणसाच्या पँटला तीन घड्या पडल्या. आमचे हे सुतार, पस्तीस वर्षं कपाटं केली. ते म्हणाले, "अगं, घरीच थेटर करू." मी म्हटलं, "भिंत कुठून आणणार?" तर हे बंद पडलेल्या थेटरात गेले आणि तिथली एक खुर्ची घेऊन आले. तिच्यावर एफ अकरा लिहिलंय. थेटरातली खुर्ची एकटी उभी राहात नाही, शेजारणींना धरून उभी असते, म्हणून ह्यांनी तिला पाय केले. म्हणजे आमच्या थेटरात आधी प्रेक्षक आला, सिनेमा नंतर.

कलम ४. आमच्या जिन्याखाली वायरवाला बसतो. रेडिओ, पंखे, स्पीकर, जे रडतं ते हसवून देतो. त्याला म्हटलं, मला चांगलं हवंय आणि पैसे थोडे आहेत. तो म्हणाला, "मावशी, पाच रडके एकदम घेऊ नका. एक गाणारा घ्या. मग थांबा. मग दुसरा. ॲम्प्ली मात्र पहिल्यापासून मोठा घ्या, त्याच्या पाठीला स्पीकरच्या वायरी लावायची भोकं जास्त हवीत. भोकं मोकळी राहिली तर काही बिघडत नाही." हे वाक्य मी मुलांच्या लग्नातही सगळ्यांना सांगितलं होतं. कुणाला पटलं नाही.

शनिवारची कमाई स्पीकरची, असं आम्ही ठरवलं. त्यातून आधी ॲम्प्ली आला, आणि वर्षभरानं पहिला आला मधला. वायरवाला म्हणाला, सिनेमातलं बोलणं मधल्यातून येतं. बावीस वर्षं धब्ब ऐकल्यावर बाईला आणखी काय हवं? पहिल्या संध्याकाळी मी माझ्या लाडक्या खलनायकाचा सिनेमा लावला आणि कळलं की तो अत्यंत नीच माणूस होता. मी दोन दिवस जेवले नाही.

पुढच्या वर्षी पुढचा उजवा. त्यानंतर दोन वर्षं काहीच जमलं नाही, मुलीच्या घराचं काम निघालं. त्या दोन वर्षांत आमच्याकडे सगळ्या गाड्या उजवीकडून यायच्या आणि मध्यावर नाहीशा व्हायच्या. कुठं जायच्या कुणी विचारलं नाही. मग पुढचा डावा आला, पण दुसऱ्या कंपनीचा. त्यामुळे माणूस उजवीकडून डावीकडे चालत गेला की चालता चालता त्याला सर्दी व्हायची. ह्यांनी डाव्याला मोठं खोकं करून दिलं, तेव्हा सर्दी उतरली. थोडा घसा अजून आहे.

मग ढोल्या. जमिनीवर बसतो तो, पोटातून बोलणारा. वायरवाल्यानं आतलं दिलं, बाहेरचं खोकं ह्यांनी मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाचं केलं. मुलगा अजून म्हणतो, "माझं टेबल मोडलंत." बाळा, त्या टेबलावर बसून तू तीनदा नापास झालास. आता त्याच लाकडातून लढाया बाहेर पडतात. लाकडाचं सोनं झालं, एवढंच म्हणते.

ढोल्या पहिल्यांदा वाजला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई हातात पट्टी घेऊन वर आल्या. "इस्त्रीवाल्या बाई, माझे पेले नाचतायत!"

मी म्हटलं, "बाई, कुठल्या गाण्यावर?"

"थट्टा नकोय! बंद करा ते!"

"करते की. पण आलाच आहात तर एकदा एफ अकरामध्ये टेका."

टेकल्या. एक पूल कोसळेपर्यंत टेकल्या. मग उठून म्हणाल्या, "उद्या कितीला आहे ते आधी सांगत चला, म्हणजे मी पेले उतरवून ठेवून येते." तेव्हापासून पेले खाली आणि बाई वर. मला त्यांना काहीतरी द्यायचं होतं, पण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला द्यायचं नसतं म्हणे. म्हणून पेल्यांखाली लावायला रबराच्या चकत्या आजच, हयातीतच दिल्या. कायद्याला टांग मारली म्हणा.

कलम ५. गाद्या. रिकाम्या भिंतीवर आवाज आपटून परत येतो, तो येऊ नये म्हणून घरातल्या चारही गाद्या भिंतींना लावल्या आहेत. त्या तिथंच राहतील. आमचे जावई एकदा मुक्कामाला आले आणि विचारलं, "आई, मी झोपायचं कशावर?" मी म्हटलं, "भिंतीला टेकून उभं राहता येत असेल तर गादीवर, नाहीतर चटईवर." ते चटईवर झोपले आणि सहा महिने आले नाहीत. ही जुनी गोष्ट आहे, मी विसरले आहे. ते विसरलेले नाहीत, म्हणून माझी दुलई त्यांना. मी गेल्यावर कुणाला मोठ्यानं रडायचं असेल तर त्यांनी त्याच खोलीत रडावं, घुमणार नाही.

(इथं जावयांना पाठवावं. ते गेल्याची खात्री खिडकीतून करावी.)

कलम ६. मागचे दोन. मागचा उजवा खरा आहे. मागचा डावा रिकामा आहे.

गोंधळ नको. सावकाश सांगते. पस्तीस वर्षं लाकूड कापायचं यंत्र ह्यांच्या डाव्या हाताला होतं. डावा कान त्यानं खाल्ला. उजवा ठणठणीत आहे. मागचा उजवा घेतला तेव्हा मी विचार केला, एफ अकरामध्ये बसणार हे. डावीकडून कितीही चांगलं वाजलं तरी ह्यांना ते कळणार नाही. मग त्याच्यावर आणखी एक वर्षाचे शनिवार का घालवायचे? पण एका बाजूला खोकं आणि दुसऱ्या बाजूला नुसती भिंत, हे आल्यागेल्याला बरं दिसत नाही. म्हणून ह्यांनी नुसतं खोकं केलं, मी पुढून काळं कापड शिवलं, आणि वायरवाल्यानं वायर आत सोडून गाठ मारली. गाठ छान आहे.

पहिल्याच रविवारी जावई आले. ते वजनकाटे तपासणारे अधिकारी, "माझा कान म्हणजे काटा" असं चारचौघांत सांगतात. डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "आई, बाकी सगळे ठीक. पण हा मागचा डावा! काय स्वच्छ वाजतो! उगाच पुढं पुढं करत नाही." वायरवाला तिथंच उभा होता. त्याला खोकला झाला, तो जिन्यापर्यंत गेला. जावई खोटं बोलत नव्हते हो. त्यांनी खरंच ऐकलं. आता माणसाला इतकं सुख होत असताना त्याच्या तोंडावर खोकं उघडायचं का? आठ वर्षं झाली. दर रविवारी ते मागच्या डाव्याचं कौतुक करतात आणि हे खाली मान घालून नखं बघतात.

पण मागचा डावा वाजतच नाही असंही नाही. तो मी आहे. मी एफ अकराच्या डावीकडे स्टुलावर बसते. डावीकडून काही यायचं असलं की मी ह्यांच्या डाव्या खांद्याला बोट टोचते. घोडे असले तर दोन बोटं, इमारत असली तर मूठ. आम्ही बघतो ते सगळे सिनेमे माझ्या भिंतीतून गेलेले, त्यांचे धब्ब मला पाठ. त्यामुळे मी धब्बच्या जरा आधीच टोचते. हे दचकायचे थांबले. एकदा म्हणाले, "अगं, बाकीचे स्पीकर झालेलं सांगतात. हा एकटाच होणारं सांगतो."

आता कागद का लिहिते ते. मागच्या महिन्यात मी एफ अकरामध्ये डोळे मिटून पडले होते. मुलांना वाटलं झोपले. मुलगा म्हणाला, "ताई, सहा खोकी आहेत, तीन तीन करू. पुढचे दोन आणि ढोल्या मला, टेबल माझं होतं. मधला आणि मागचे दोन तुला."

मुलगी म्हणाली, "चालेल. आमच्याकडे मागच्या डाव्यासाठी जीव टाकतात."

"आणि बाबा?"

"बाबांना तसंही एकाच कानानं येतं. मोबाईलवर बघतील."

मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर मृत्युपत्र नुसतं तोंडीच झालं असतं, आणि त्यात शिव्या आल्या असत्या. पोरांनो, एका कानानं येणाऱ्या माणसाला सहा खोकी जास्त लागतात, कमी नाही. ह्यांच्या पायाला ढोल्या लागतो, पाठीला खुर्ची लागते, उजव्या कानाला चार खोकी लागतात आणि डाव्या खांद्याला बोट लागतं. एवढं सगळं मिळून ह्यांचा एक सिनेमा होतो. त्यातलं एक जरी तुम्ही गाडीत घालून नेलं तर हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसेल. गप्प झालेली भिंत मी एकदा पाहिली आहे.

स्पीकर जागेवर ठेवायचं कलम वकीलबाई लिहून देतील. पण बोट कुठल्या कलमानं ठेवायचं? म्हणून मी चार रविवार चौघांची परीक्षा घेतली. कुणाला सांगितलं नाही. गुडघ्याचं निमित्त केलं आणि एकेकाला स्टुलावर बसवलं. म्हटलं, बाबांना जरा डावीकडून सांभाळा.

पहिल्या रविवारी मुलगा. मोबाईलमध्ये डोकं. अख्खं जहाज बुडालं, खांद्याला स्पर्श नाही. दुसऱ्या रविवारी मुलगी. ती सगळी गोष्ट समजावून सांगत होती, अगदी मायेनं, डाव्या कानात. तिसऱ्या रविवारी जावई. ते मागच्या डाव्याच्या इतक्या जवळ बसायला मिळालं म्हणून डोळे मिटून डोलत राहिले. त्यांना उठवावं लागलं.

चौथ्या रविवारी सून. आता हिचं आणि माझं कसं आहे ते सगळ्या जिन्याला माहीत आहे. हिनं ढोल्यावर फुलझाडाची कुंडी ठेवली होती. मी म्हटलं काढ, ती म्हणाली, "आई, घर आहे, गोदाम नाही. काहीतरी हिरवं दिसू दे." संध्याकाळी लढाई लागली आणि कुंडी चालत चालत स्वतःच खाली उतरली. अकरा दिवस आम्ही बोललो नाही. जे बोलायचं ते ह्यांच्यामार्फत. ती ह्यांच्या उजवीकडून सांगायची, मी डावीकडून. त्यामुळे अकरा दिवस ह्यांना फक्त तिचीच बाजू ऐकू आली, आणि बाराव्या दिवशी हे म्हणाले, "सुनेचं बरोबर आहे." ते मी विसरले नाही आणि विसरणार नाही.

तर सून स्टुलावर बसली. तोंड एवढंसं. पाच मिनिटं झाली आणि पडद्यावर एक दार आपटलं. तिनं ह्यांच्या खांद्यात असं बोट खुपसलं की हे खुर्चीत वीतभर उडाले. मग घोडे. मग पूर. प्रत्येक वेळी बोट. मी कधी सांगितलं नव्हतं, आठ वर्षं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती म्हणे. एक टोचणी तर धब्ब नसतानाच दिली. मी विचारलं, "ही कशाची गं?" म्हणाली, "आता ती रडणार आहे ना, आई. त्याचं कुणी सांगतच नाही."

बावीस वर्षं भिंतीला पाठ लावून मला जे कधी ऐकू आलं नाही ते तिनं टोचलं. हे हसले आणि म्हणाले, "आज मागचा डावा फार जोरात आहे."

(जावई आले असतील. त्यांचा चहा होऊ द्यावा. मग पुढचं.)

कलम ७. म्हणून असं ठरवते. सहाही खोकी, ॲम्प्ली, टीव्ही, वायरी, गाद्या, एफ अकरा आणि स्टूल आहेत तिथं राहतील. हे आहेत तोवर कुणीही काहीही बोटभरसुद्धा हलवायचं नाही. झाडायला हलवलंच तर ह्यांनी जमिनीवर खडूनं रेघा मारून ठेवल्या आहेत, त्यात परत ठेवायचं. हे आहेत तोवर ह्या सगळ्याची राखण, आणि त्यानंतर मालकी, माझ्या सुनेची. मुलाची नव्हे, मुलीची नव्हे, सुनेची. तिनं त्याचं काय करायचं ते करावं. ढोल्यावर कुंडी ठेवली तरी चालेल. हे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं आहे.

कलम ८. जावयांना एक हक्क देते. दर रविवारी येऊन मागच्या डाव्यासमोर बसायचा. तो त्यांच्यापासून कुणी काढून घेऊ नये, आणि ते खोकं उघडू नये, दुरुस्तीला देऊ नये, त्याची परीक्षा घेऊ नये. मी गेल्यावर एखाद्या रविवारी ते डोळे मिटून म्हणतील, "आज मागचा डावा काय सुंदर वाजतोय!" तेव्हा कुणी हसायचं नाही. आत कुणी नाही याची खात्री तुम्हाला तरी कुठं आहे?

कलम ९. मी गेले त्या दिवशी सिनेमा बंद ठेवावा. दुसऱ्या दिवशी लावावा. हे नको म्हणतील, ऐकू नये. सुनेनं स्टुलावर बसावं.

इथं माझं लिहिणं संपलं. लिहिलेलं सगळं माझ्या मर्जीचं आहे. चुका आहेत त्याही माझ्याच, त्या वाटून घेऊ नयेत.

सही: (माझी, पहिली वाकडी झाली म्हणून खाली दुसरी)

ठिकाण: एफ अकरा, पडद्याकडे तोंड करून.
दिनांक: ११ मार्च, बुधवार. साल वकीलबाई टाकतील, मी लिहिलं की मागचंच येतं.

साक्षीदार पहिला: जिन्याखालचा वायरवाला. मावशींनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर केली. कलम सहामधल्या गाठीबद्दल लिहिलंय ते खरं आहे.

साक्षीदार दुसरी: खालच्या मजल्यावरच्या बाई, निवृत्त शिक्षिका. सही माझ्यासमोर झाली. शुद्धलेखनाच्या सत्तावीस चुका दाखवल्या, लेखिकेनं एकही सुधारू दिली नाही. पेले सुखरूप आहेत.

वारसाला साक्षीदार होता येत नाही, तरी आमच्या ह्यांनी हट्टानं खाली चार शब्द लिहिले आहेत. राहू द्यावेत:

वाचून दाखवलं. उजव्या कानानं ऐकलं. कलम नऊ येणार हे डाव्या खांद्याला आधीच कळलं होतं.